रात्रीचा गजर



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या १६ आणि १७ या दोन श्लोकांवर. हा ध्यानयोगाचा अध्याय. आसन कसं असावं, नजर कुठे असावी, मन कसं आवरावं हे सांगता सांगता भगवंत इथे एकदम घरगुती गोष्टीवर येतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला साधत नाही आणि सारखं जागणाऱ्यालाही नाही. पुढच्याच श्लोकात ते सांगतात की ज्याचं खाणं, फिरणं, काम करणं, झोपणं आणि उठणं 'युक्त' आहे, म्हणजे मापात आहे, त्याचा योग दुःख दूर करतो.

या श्लोकांवर बोलणं चाललं होतं तेव्हा माझ्या मावसभावाने मला अडवलं. वय २४, पुण्यात नोकरी, रोज हरिपाठ म्हणणारा मुलगा. म्हणाला, "दादा, तू रात्री पावणेदहाचा अलार्म लावतोस, ते मला जरा विचित्रच वाटतं. अलार्म उठायला असतो. आणि झोप म्हणजे शेवटी तमोगुणच ना? संतांनी तर जागं व्हायला सांगितलं. त्यातून घड्याळ वाजलं म्हणून नाम घ्यायचं, यात भाव कुठे आला?"

एका दमात तीन प्रश्न. तिन्ही खरे आहेत, आणि तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असतील. म्हणून आज एकेक घेऊ.

गजर कशासाठी?

मराठीत अलार्मला गजर म्हणतात आणि हरिनामाच्या घोषालाही गजरच म्हणतात. आमच्या कोकणात तर भजनात 'गजर' हा वेगळा प्रकारच असतो. अभंग बुवा गातात, मंडळी मागून साथ देतात. पण गजर सुरू झाला की मागे भिंतीला टेकून बसलेला माणूसही टाळ्या धरतो. इकडेतिकडे विखुरलेली मनं एका ठेक्यावर येतात. म्हणजे झोपमोड करणं एवढंच काही गजराचं काम नाही. विखुरलेल्याला गोळा करणं हेही त्याचंच काम. आणि दिवसभरात आपण सगळ्यात जास्त विखुरलेले कधी असतो? रात्री दहाच्या सुमाराला.

सकाळचा गजर आपण लावतो खरा, पण तो आपल्याकडून कोणीतरी लावून घेतलेला असतो. कंपनीची बस, मुलांची शाळा, नऊची मीटिंग. उशीर झाला तर विचारणारं कोणीतरी असतं. रात्रीचं तसं नाही. पावणेदहाला तुम्ही थांबावं अशी जगात कोणाचीच मागणी नसते. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. ऑफिसचा ग्रुप बंद होत नाही. खरेदीचं दुकान रात्रभर उघडं.

पूर्वी दिवस संपवायचं काम सूर्य करायचा. आमच्या राजापूर तालुक्यात कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे. कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक, आणि गाव अगदी समुद्राकाठी. तिथे उभं राहून सूर्य पाण्यात बुडताना बघितला की कळतं, हा देव रोज न चुकता आपलं काम थांबवतो. राहिलेल्या कामासाठी अर्धा तास जास्त रेंगाळत नाही. वीज यायच्या आधी आजी-पणजीच्या काळात दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लागायचा, मुलं परवचा म्हणायची, आणि कंदिलातलं रॉकेल जपून वापरायचं असल्यामुळे जेवणखाण लवकर उरकायचं. दिवसाला काठ होता. तो काठ विजेने पुसला आणि मोबाइलने तर पार नाहीसा केला. मग आता दिवस कोणी संपवायचा? एक तर मी, नाहीतर माझ्या हातातलं यंत्र. तिसरं कोणी त्या खोलीत नसतं.

गंमत म्हणजे हे यंत्र बनवणाऱ्यांनाही ते कळलंय. २०१६ साली आयफोनच्या घड्याळात झोपायची वेळ झाली असं आठवण करून देणारी सोय आली. २०१८ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी रात्री स्क्रीन करडी करणारी सोय जाहीर केली. म्हणजे रात्रीचा गजर ही काही माझी खासगी लहर नाही.

आवरून झोपणं

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. जे आयटीत आहेत त्यांना लगेच कळेल, बाकीच्यांनाही कठीण जाणार नाही. सर्व्हरवर चालू असलेला प्रोग्राम बंद करायचे दोन मार्ग असतात. एकात त्याला निरोप जातो: थांबायची वेळ झाली. मग तो नवीन काम घेणं बंद करतो, हातातलं पुरं करतो, उघडलेल्या फाइल मिटतो आणि शांतपणे बंद होतो. याला सिगटर्म म्हणतात. दुसऱ्या मार्गाला सिगकिल म्हणतात. त्यात विचारणं नाही, आवरणं नाही, आहे तिथे गळा दाबायचा. कुबरनेटीससारख्या यंत्रणेत पहिला निरोप गेल्यावर आवरायला ठरावीक वेळ देतात, सांगितलं नसेल तर ३० सेकंद. त्या वेळेला नाव आहे 'ग्रेस पिरियड'. ग्रेस म्हणजे कृपा. हा शब्द कोणत्या हेतूने ठेवला कोण जाणे, मला मात्र तो फार आवडतो.

फोन बघता बघता तो तोंडावर पडतो आणि आपण झोपतो, ती झोप म्हणजे सिगकिल. मनातल्या सगळ्या फाइल उघड्याच. रात्रीचा गजर म्हणजे तो पहिला निरोप, आणि त्यानंतरचा पाऊण तास म्हणजे कृपेची मुदत.

हिशोब सोपा आहे. अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये प्रौढांसाठी रोज किमान सात तास झोप सांगितली. सकाळचा गजर सहाचा असेल तर सात तास मागे या, ११ वाजले. झोप लागायला आणि मधूनच येणाऱ्या जागेला थोडा वेळ धरा, म्हणजे साडेदहाला पाठ टेकायला हवी. त्याच्या पाऊण तास आधी, पावणेदहाला गजर. शरीराचंही स्वतःचं घड्याळ असतं. त्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. अंधार पडू लागला की मेंदू झोपेची तयारी करणारं मेलाटोनिन सोडायला लागतो. डोळ्यांवर झगझगीत उजेड असला की तो हात आखडता घेतो. दिवा मंद करणं ही त्या घड्याळाला दिलेली साधी मदत आहे.

पाऊण तासात करायचं काय? आमच्याकडचं सांगतो. गजर झाला की फोन स्वयंपाकघरातल्या चार्जरला लागतो आणि सकाळपर्यंत तिथेच राहतो. मोठे दिवे बंद, एक छोटा दिवा चालू. मग झाकपाक: ओटा पुसणं, दुधाला विरजण, उद्याचं कडधान्य भिजत घालणं, मागच्या दाराची कडी. कोमट पाण्याने हातपाय धुणं. उद्याची कामं कागदावर चार ओळींत लिहून काढणं. याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं राहिलेली कामं लिहिणाऱ्यांना झोप लवकर लागली, झालेली कामं लिहिणाऱ्यांना तितकी लवकर नाही. राहिलेलं काम डोक्यात फिरत राहतं, कागदावर ठेवलं की डोकं सोडून देतं. शेवटी देवापुढे पाच-दहा मिनिटं. रामरक्षा किंवा नुसतं नाम.

रामरक्षेवरून एक आठवलं. बुधकौशिक ऋषींना ती शंकरांनी स्वप्नात सांगितली आणि सकाळी उठल्यावर त्यांनी ती लिहून काढली, असं त्या स्तोत्रातच आहे. जे स्तोत्र आपण झोपेच्या आधी म्हणतो ते मुळात झोपेत मिळालेलं आहे. तेव्हा झोपेला सरसकट तमोगुण म्हणण्याआधी जरा थांबायला हवं.

आपल्या परंपरेने तर देवालाही झोपेची वेळ दिली आहे. पंढरपूरला पहाटे काकडआरतीने देव उठतो आणि रात्री शेजारतीने झोपतो. देवळात शेजघर आहे. तिथवर वाट दाखवायला मशाल धरण्याची सेवा पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याकडे होती, त्यांचं आडनावच दिवटे. ज्याला झोपेची गरजच नाही त्याला एवढ्या प्रेमाने का झोपवायचं? मला वाटतं, ते आपल्याला शिकवण्यासाठी. दिवस संपवणं हेसुद्धा पूजेचं एक अंग आहे.

निद्रा जिंकली म्हणजे काय?

आता मावसभावाचा दुसरा प्रश्न. गीतेत भगवंत अर्जुनाला गुडाकेश म्हणतात. गुडाका म्हणजे निद्रा, तिचा जो स्वामी तो गुडाकेश. आमच्या राजापूरच्या नदीचंही नाव अर्जुना, त्यामुळे हा वीर लहानपणापासून जरा घरचाच वाटतो. ज्याने झोप जिंकली आहे त्यालाच भगवंत सहाव्या अध्यायात मापात झोपायला सांगतात, हे आधी लक्षात घ्या. मग जिंकली म्हणजे काय?

महाभारतात दोन रात्री आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिली रात्र द्रोणपर्वातली, युद्धाच्या चौदाव्या दिवसाची. जयद्रथ पडला, सूर्य मावळला, तरी त्या दिवशी युद्ध थांबलं नाही. मशाली पेटवून लढाई सुरू राहिली. घटोत्कच पडला. मध्यरात्र झाली आणि सैनिकांना उभं राहवेना. हातातली शस्त्रं गळायला लागली, झोपेच्या अमलाखाली आपला कोण परका कोण हेही कळेना. तेव्हा अर्जुनाने मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं की तुम्ही थकला आहात, इथेच रणांगणावर जरा झोपा, चंद्र उगवला की पुन्हा बघू. कौरवांच्या सैन्यालाही ते पटलं. शत्रूच्या सैनिकांनी अर्जुनाला तोंड भरून आशीर्वाद दिले आणि दोन्ही सैन्यं आपापल्या जागी झोपली. हत्तीच्या पाठीवर, घोड्याच्या मानेवर, जमिनीवर. चंद्र उगवला तेव्हा उठली.

ज्याला स्वतःला झोपेची फिकीर नव्हती त्याला दुसऱ्याची झोप दिसली, शत्रूचीसुद्धा. निद्रा जिंकणं ते हे. स्वतः कमी झोपून मिरवणं हा त्याचा अर्थ मला तरी लागत नाही.

दुसरी रात्र सौप्तिकपर्वातली. युद्ध संपलं आहे. अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा एका वडाखाली थांबले आहेत. दोघांना झोप लागते, अश्वत्थाम्याला लागत नाही. अंधारात टक्क डोळ्यांनी तो बघतो की एक घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना मारून टाकतं. त्याला कल्पना सुचते. तो दोघांना उठवतो. कृपाचार्य वडिलकीने सांगतात की आजची रात्र झोप, मन शांत होऊ दे, सकाळी काय ते ठरवू. अश्वत्थामा म्हणतो, रागाने पेटलेल्याला झोप कुठली. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पांडवांच्या छावणीत झोपलेला धृष्टद्युम्न मारला गेला, द्रौपदीचे पाच मुलगे मारले गेले.

कृपाचार्यांचा तो सल्ला म्हणजे रात्रीचा गजरच होता. अश्वत्थाम्याने तो बंद केला.

अश्वत्थामा इतका दूरचा माणूस नाही. रात्री बारा वाजता वाचलेला एखादा मेसेज, त्यावरून चढलेला राग, त्याच रागात टाइप केलेलं लांबलचक उत्तर. कोणाशी कायमचं बोलणं बंद करायचा निर्णय. नोकरी सोडायचा ईमेल. कर्ज काढून मोठी खरेदी. अशी किती कामं रात्री अकरानंतर होतात, जी सकाळी आठला झालीच नसती! थकलेल्या मनाला स्वतःचा न्याय फार स्पष्ट दिसतो आणि समोरच्याची बाजू अजिबात दिसत नाही. म्हणून आमच्याकडे गजरानंतरचा एक नियम आहे: पावणेदहानंतर कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही आणि कुठल्याही रागाला उत्तर द्यायचं नाही. उरलेलं उद्या.

माझी रात्र, दुसऱ्याची रात्र

अर्जुनाच्या गोष्टीतून मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं की झोप ही एकट्याची गोष्ट नाही. आपण बहुतेक वेळा झोपेचा विचार स्वतःपुरता करतो. माझं आरोग्य, माझी एकाग्रता, माझी सकाळची साधना. पण मी थांबत नाही तेव्हा माझ्यामुळे आणखी कोण कोण जागं राहतं?

मी टीम लीड झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ठरवलं की रात्री सुचलेला निरोप सकाळी साडेनऊला जाईल असा वेळ लावून ठेवायचा. ज्युनियर मुलाला रात्री अकरा चाळीसला लीडचा मेसेज आला की 'उद्या बघ' असं लिहिलेलं असलं तरी तो उद्या बघत नाही. तो लॅपटॉप उघडतो. मला पाठवायला दहा सेकंद लागतात, त्याची रात्र जाते. तसंच साडेअकराला सहज मागवलेल्या आइस्क्रीमचं. ते आपोआप दारात येत नाही, कोणीतरी पावसात गाडी चालवत आणतं. गरज असेल तर जरूर मागवावं, त्याचीही ती रोजी आहे. पण नुसती चाळ्याची भूक असेल तर आपल्या गजराने आपल्याला एकदा विचारावं.

आणि घरात? बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी कोण झोपतं ते डोळे मिटून सांगता येईल. आई. नाहीतर बायको. सगळे अंथरुणावर गेल्यावर ओट्याचा आवाज येत राहतो. देवापुढे शांत चित्ताने माळ ओढणारा मुलगा आणि त्याच वेळी मागे एकटीने भांडी आवरणारी आई, या चित्रात काहीतरी चुकतंय. म्हणून झाकपाक आमच्या गजराचा भाग आहे. गजर झाला की घरातले सगळे उठतात, एकजण ओटा, एकजण विरजण, एकजण अंथरुणं. पंधरा मिनिटांत होतं. सगळ्यांचा दिवस एकत्र संपतो. गजर फक्त माझ्या झोपेचा असेल तर तो अर्धाच, असं मला वाटतं.

एकत्र थांबण्याची ताकद बघायची असेल तर सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव बघा. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग हवं तर चालू. मधल्या दीड तासात मुलांचा अभ्यास, मोठ्यांचं वाचन, एकमेकांशी बोलणं. साधारण तीन हजार वस्तीचं गाव. कोणीही एकट्याने हे ठरवलं असतं तर चार दिवस टिकलं असतं का, शंका आहे. शेजारच्या घरातला टीव्ही चालू आहे आणि आपणच तेवढे बंद करून बसलोय, हे कठीण असतं. शहरात आपल्याला देवळाचा भोंगा मिळणार नाही. पण एका फ्लॅटमधले तिघेचौघे, वसतिगृहातल्या एका खोलीतले दोघे, किंवा दूर राहणाऱ्या दोन मैत्रिणी एकाच वेळचा गजर लावू शकतात. टाळ एकट्याने वाजवता येतात, पण गजराला रंग चढतो तो मंडळी जमल्यावर.

यात भाव कुठे आला?

आता शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात खोल. घड्याळ वाजलं म्हणून घेतलेलं नाम यांत्रिक नाही का?

राजापूरजवळ उन्हाळे गावी आमची गंगा आहे. वडाच्या झाडाजवळ मूळ गंगा, काशीकुंड धरून एकूण १४ कुंडं. ही गंगा कायम वाहत नाही. साधारण तीन वर्षांनी येते, काही महिने राहते आणि जाते, अशी तिची ख्याती. पण ती काही कॅलेंडर बघून येत नाही. कधी लवकर येते, कधी वाट बघायला लावते. तिला बोलावून आणणारा अजून कोणी जन्माला आलेला नाही. मग लोकांनी काय केलं? कुंडं बांधली. कोरडी असली तरी ती तिथे असतात. आणि एखाद्या दिवशी गंगा आल्याची बातमी लागते, तेव्हा पाण्याला थांबायला जागा तयार असते.

झोप तशीच आहे. जोर करून आणता येत नाही, उलट जितका जोर करावा तितकी लांब पळते. भावही तसाच. आता डोळ्यांत पाणी येऊ दे असं म्हणून येत नाही. आपल्या हातात कुंड आहे. रोज त्याच वेळी दिवा मंद करणं, तीच जागा, तेच नाम. बहुतेक रात्री काहीच विशेष घडत नाही. नाम घेताना उद्याची डेडलाइन आठवते, जांभई येते, तरी ती रात्र वाया गेली असं मला वाटत नाही. कोरडं कुंड झाडून ठेवणं हीसुद्धा सेवाच आहे. आणि कधीतरी, कारण नसताना, एखाद्या रात्री आत काहीतरी भरून येतं. ते गजराने आणलेलं नसतं. गजराने फक्त आपल्याला तिथे हजर ठेवलेलं असतं.

झोपेत आणखी एक गोष्ट घडते. रोज रात्री आपण सगळ्यावरचा ताबा सोडतो. श्वास कोण चालवतं, हृदय कोण चालवतं, जग कोण सांभाळतं? आपण नसतानाही सगळं चालतं, हे मान्य केल्याशिवाय शांत झोप लागत नाही. काम अर्धं टाकून झोपायला जाणं म्हणजे माझ्यावाचून सहा-सात तास अडणार नाही हे कबूल करणं. रोजची ही छोटी शरणागती आहे. मोठी शरणागती जमेल तेव्हा जमेल, ही आज रात्री करता येते.

गजर कधी मोडायचा?

मात्र एक जपायला हवं. नियमाचा अहंकार व्हायला वेळ लागत नाही. "माझी झोपायची वेळ झाली" हे वाक्य एखाद्या रडणाऱ्या मित्राच्या तोंडावर फेकलं तर तो गजर देवाचा राहिला नाही.

याचंही उत्तर पंढरपूरलाच आहे. आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या आधी मुहूर्त पाहून देवाचा पलंग काढतात. मग शेजारती होत नाही, चोवीस तास दर्शन चालू. उभ्या देवाला टेकायला मागे लोड आणि रुक्मिणीमातेला तक्क्या देतात. एकीकडे आषाढी एकादशीला विष्णू शयन करतो म्हणायचं, आणि त्याच दिवसांत आपला विठोबा रात्रंदिवस जागा असतो. का? लोक पायी चालत आलेत म्हणून. आणि यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याने स्नान, शीण जावा म्हणून काढा, आणि पलंग पुन्हा जागेवर.

यात सगळा नियम आला. कोणासाठी तरी जागायचं असेल तर पलंग काढावा. घरात आजारी माणूस आहे, बाळ आहे, रात्री दोनला कोणी मोडक्या आवाजात फोन केलाय, तेव्हा गजर बंद करा आणि उभे राहा. ती तुमची आषाढी आहे. एकादशीचं जागरण, सप्त्यातलं कीर्तन, तेही तसंच. पण यात्रा संपली की प्रक्षाळपूजा विसरू नका. दुसऱ्या दिवशी पलंग जागेवर आला पाहिजे. आणि रात्रपाळी करणाऱ्या नर्स ताई, रात्रीची मुंबई गाडी नेणारे एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर यांचा गजर सकाळी नऊला वाजेल. त्यांच्या जागण्यावर आपली झोप उभी आहे. त्यांच्यासाठी 'युक्त' म्हणजे वेगळं घड्याळ, एवढंच.

स्वतःला रोज एकच प्रश्न विचारायचा: आत्ता मी जागा आहे तो कोणासाठी? उत्तरात एखाद्या माणसाचं किंवा देवाचं नाव आलं तर जागा. उत्तरच आलं नाही तर झोपा.

आज रात्रीसाठी

फार काही करू नका. सगळं एकदम सुरू केलं की चौथ्या दिवशी सुटतं. आज फक्त तीन गोष्टी:

१. सकाळच्या गजरावरून मागे हिशोब करून रात्रीचा एक गजर लावा. सूर सकाळपेक्षा वेगळा, हळू असा ठेवा, आणि त्याला नाव द्या. माझ्या फोनवर 'शेजारती' असं येतं.

२. गजर झाला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरातलं एक काम दुसऱ्या कोणाच्या हातातून काढून घ्या.

३. पाठ टेकण्याआधी पाच मिनिटं नाम. मन लागलं नाही तरी चालेल.

रविवारीही वेळ फार हलवू नका. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री पुन्हा वाजेलच.

हे पांडुरंगा, आजचा दिवस जसा झाला तसा तुझ्या पायाशी ठेवतोय. झालेलं तुझं, राहिलेलंही तुझंच. माझ्यामुळे आज कोणाची झोप उडाली असेल तर त्यालाही शांत झोप दे. जे कोणासाठी तरी जागे आहेत त्यांच्याजवळ तू उभा राहा. आणि सकाळी उठवशील तेव्हा तुझ्याच कामाला उठव.

राम कृष्ण हरी. शुभ रात्री, मंडळी.